मुलांच्या हातचा गोठा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की विलेपार्ल्याच्या बाजारात त्याच खिळ्यांवर नाताळचे तारे लटकू लागतात. इर्ल्याच्या दुकानांतून तर आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडण्यापूर्वीच संपूर्ण गोठा तयार मिळतो. छप्पर, गवत, तीन राजे, उंट, मेंढरे, दिव्यांची माळ, सारे एका खोक्यात. घरी नेऊन खोके उघडावे, वायर जोडावी, की पाव तासात बेथलेहेम उभे! वेळेच्या टंचाईत दिवस काढणाऱ्या मुंबईकर गृहस्थाला याचा मोह पडला, तर त्याला दोष देण्याचा आमचा मानस नाही. सकाळची लोकल आणि रात्रीची परतीची गाडी या दोहोंच्या मध्ये ज्याचे आयुष्य दाबले गेले आहे, त्याने बांबू केव्हा तासावा? तथापि घरात चार ते बारा वर्षांचे मूल असेल, तर त्या खोक्याबरोबर काय घरी आले नाही, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे. आणि हिशेब पटलाच, तर कामाला कसे लागावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

गोठ्याचा उगमच मुळी पाहण्याच्या वस्तूत नाही, करण्याच्या कामात आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी आसिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळची रात्र साजरी केली, तेव्हा तेथे एकही मूर्ती नव्हती. गव्हाण मांडण्यात आली, गवत आणले गेले, खराखुरा बैल आणि गाढव उभे केले गेले आणि आसपासची माणसे मशाली व मेणबत्त्या घेऊन तेथे जमली. या घटनेला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि घरोघरी गोठा रचण्याच्या प्रथेला उत्तेजन दिले. आपण आज ज्याला देखावा म्हणतो, तो प्रथम एका गावाने मिळून केलेला उद्योग होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सेमिनरीत ग्रीक शिकताना आमच्या मनावर ठसलेला एक शब्द येथे आठवतो. संत मार्क यांच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, नासरेथचे लोक प्रभू येशूला ‘टेक्टोन’ म्हणतात. आपण त्याचे भाषांतर ‘सुतार’ असे करतो. परंतु मूळ शब्दाचा अर्थ त्याहून ऐसपैस आहे. लाकूडकाम, दगडकाम, बांधकाम करणारा कारागीर त्यात सामावतो. म्हणजे नासरेथच्या त्या घरात एक मूल एका प्रौढ माणसाच्या शेजारी उभे राहून काम शिकले. त्याचे पहिले फळकूट वाकडेच कापले गेले असणार आणि संत योसेफांनी ते हातातून हिसकावून घेतले नसणार, असे आम्हांस आपले वाटते.

हिसकावून घेण्याचा हा मुद्दा आम्ही उगाच काढलेला नाही. आमच्या धर्मग्रामात पुष्कळ वर्षे गोठ्यांची स्पर्धा चालत असे. बक्षीसपात्र गोठ्यांतून धबधबे वाहत, उंटांच्या माना हलत, एकदा तर देवदूत तारेवरून सरकत खाली आला. परीक्षक घरात शिरले की वडील मोठ्या उत्साहाने मोटार कशी बसविली ते सांगत आणि मूल पलंगाच्या कडेला बसून असे. एके वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीला आम्ही विचारले, ‘‘यात तू काय केलेस गं?’’ ती म्हणाली, ‘‘फादर, मी हातसुद्धा नाही लावला.’’ हे ती अभिमानाने सांगत होती. हात न लावणे हाच तिच्या घरी शहाणपणा ठरला होता.

पुढील वर्षापासून स्पर्धेचा नियम बदलण्यात आला. परीक्षकांनी प्रश्न विचारावयाचे ते फक्त बारा वर्षांखालील मुलांना. हे कशाने चिकटवलेस? हा पाय मोडला होता का? मग काय केलेस? ज्या घरचे मूल उत्तर देऊ शकते, त्या घरचा गोठा पहिला. पहिल्या वर्षी स्पर्धेत भाग घेणारी घरे निम्म्याहून कमी झाली आणि दोघा-तिघा पालकांनी आमच्यापाशी येऊन तक्रार केली की, असले गबाळे गोठे पाहुण्यांना कसे दाखवायचे? तक्रार खरी होती. गोठे गबाळे होते. एका गोठ्यात मेंढरू बैलापेक्षा मोठे होते. परंतु त्या मेंढराच्या धन्याने आम्हांला पाऊण तास सोडले नाही, इतके त्याला सांगावयाचे होते.

हाताने शिकण्याचा विचार आपल्या प्रांताला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे आदिवासी मुलांसाठी महागडी साधने आणणे शक्यच नव्हते. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या यांनाच शिक्षणाची साधने केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपण पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर राहतो. तेथून येथवर अंतर ते किती! तरीही आमच्या उपनगरात शाळेचे ‘प्रोजेक्ट’ पैसे घेऊन करून देणारी दुकाने चालतात आणि सुशिक्षित पालक तेथे रांग लावतात. असो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सामान प्रथम घरात शोधावे, मग वाण्याकडे, आणि अगदी अडले तरच स्टेशनरीच्या दुकानात. गोठ्याच्या भिंतींसाठी किराणा मालाच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. आम्ही प्रथम पार्ल्यात आलो, तेव्हा गाडीतून उतरताच बिस्किटांचा गोड वास स्वागत करीत असे. १९२९ साली सुरू झालेला पार्ले कंपनीचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला. वास गेला, पण बिस्किटांची रिकामी खोकी वाण्याकडे अद्याप मिळतात, तीही फुकट. या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाचा थर असतो, त्यामुळे त्यात बारीक नळ्या तयार होतात. नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा सरळ दुमडतो, आडवा दुमडू गेल्यास चुरगळतो. हे मुलाला आधी सांगू नये. दोन तुकडे हातात देऊन दुमडावयास सांगावे, म्हणजे त्याचे तेच शोधून काढील. आडवी घडी घालणे भागच असेल, तर शाई संपलेले बॉलपेन पट्टीला लावून रेघ दाबून ओढावी, मग घडी बिनबोभाट बसते.

वर्तमानपत्राचेही तसेच. ते एका दिशेने फाडले तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे फाटते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात, त्याचा हा परिणाम. कात्री धरण्याचे वय न झालेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला पट्ट्या फाडण्याचे काम द्यावे. हे त्याला गप्प बसविण्यासाठी दिलेले खोटे काम नव्हे. खळीने डोंगर किंवा गुहा करावयाची असेल, तर पट्ट्या कापलेल्या नको असतात, फाडलेल्याच हव्या असतात. फाटलेली कड विरळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड वाळल्यावरही उठून दिसते. म्हणजे घरातल्या सर्वांत लहान माणसाचे काम सर्वांत आवश्यक आहे, आणि ते त्याला तसे सांगावे.

खळ घरी करावी. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार-पाच वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात तो ओतावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की खळ झाली. जुने बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालीत. मुलांच्या खळीत मोरचूद चुकूनही घालू नये; ते विषारी आहे आणि मुले बोटे चाटतात. खळ थोडी करावी, फ्रिजमध्ये ठेवावी, आंबूस वास येताच टाकून द्यावी. डोंगर करताना तीन किंवा चार थर पुरेत, पण प्रत्येक दोन थरांनंतर एक रात्र वाळू द्यावे. घाईने ओल्यावर ओले चढविले तर आतून बुरशी धरते आणि ऐन नाताळात गोठ्याला कुबट वास येतो. रंगासाठी गेरू आणि चहाचे उकळलेले पाणी एवढ्याने उत्तम खडक होतो. ज्यांना लगदा करावयाचा असेल, त्यांनी कागद रात्रभर भिजवून, कुटून, पिळून घ्यावा आणि खळीबरोबर मूठभर मेथीची पूड मिसळावी. लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या आपल्या आज्या मेथी घालीत असत. तिने लगद्याला चिकटपणा येतो आणि किडीलाही ती आवडत नाही. घरात अशी आजी असेल, तर हा परिच्छेद वाचून दाखविण्याऐवजी तिलाच पाटावर बसवावे.

कात्रीविषयी दोन शब्द अधिक बोलावे लागतील. पुष्कळ मुलांना ‘हाताला वळण नाही’ असा शेरा मिळतो, तो वस्तुतः कात्रीला मिळावयास हवा. बोथट कात्री कागद कापत नाही, चावते. कापताना अंगठा वर राहावा, आणि वळण घेताना कात्री न फिरविता दुसऱ्या हाताने कागद फिरवावा. मूल डावखुरे असेल तर विशेष लक्ष द्यावे. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबाने तिची दोन्ही पाती एकमेकांना घासावीत अशी बनविलेली असते. डाव्या हातात धरली की तोच दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, कागद मध्येच दुमडतो आणि शिवाय कापावयाची रेघ पात्याआड लपते. डावखुऱ्यांसाठी निराळी कात्री मिळते, ती आणावी. आमच्या धर्मशिक्षण वर्गातील एक मुलगा दोन वर्षे ‘मला क्राफ्ट येत नाही’ असे सांगत असे. एका सिस्टरांनी त्याला तशी कात्री आणून दिली. त्याने त्या दुपारी काय काय कापले, ते सांगत नाही. वर्गाचा पडदा त्यात होता.

काड्यांची झोपडी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी हातांनी अनुभवावी. चार काड्या टोकांशी बांधून चौकोन केला तर तो डुलतो, तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण डुलत नाही. खेळण्यांतून विज्ञान शिकविणारे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्या जोरावर हा धडा देशभरातील मुलांच्या हाती दिला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. गोठ्याच्या भिंती डुलत असतील, तर अधिक दोरा गुंडाळून उपयोग नाही, एक तिरपी काडी बांधावी. वडिलांना हे ठाऊक असते. मुलाला ते भिंत पडल्यावर समजावे. पडण्याची वाट पाहण्याइतका संयम आपल्याजवळ आहे काय, हाच खरा प्रश्न.

मातीसाठी शाडू उत्तम. गणपतीच्या हंगामात थोडा आणून ठेवावा, कोरडा राहिला तर वर्षे टिकतो. तो मुलांबरोबर मळावा. मळण्यातच निम्मा आनंद आहे. प्राणी करताना धड आणि डोके वेगवेगळे करून नुसते दाबून चिकटविले, तर वाळताना सुटतात. दोन्ही पृष्ठभागांवर काडीने रेघोट्या पाडाव्यात, पातळ चिखल लावावा, मग दाबावे आणि सांधा बोटाने गुळगुळीत करावा. आत तारेचा सांगाडा घालू नये. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. परिणामी माती तडकते. बैलासारखा जाड आकार असेल, तर तो खालून पोकळ करावा, आणि सारे सावलीत वाळवावे, उन्हात नव्हे. आणि एक व्यवहारी सूचना: मेंढरे बसलेली करावीत. उभ्या मेंढराचे बारीक पाय दुसऱ्या दिवशी मोडतात आणि घरात रडारड होते. बसलेल्या मेंढराला पाय करावेच लागत नाहीत. तरीही एखादे मूल उभ्याच मेंढराचा हट्ट धरते. धरू द्यावा. दोन पायांऐवजी चार काड्या टोचून त्याने ते उभे केले, तर त्याला जीर्णोद्धार म्हणावे.

थर्माकोलचा प्रश्न आता सुटला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. आम्हांस त्याचे दुःख नाही. थर्माकोल कापताना त्याचे कण केसांत, नाकात, भातात, सर्वत्र जात.

ताऱ्याकडे मात्र सविस्तर वळले पाहिजे, कारण गोठा जमिनीवर असतो, तारा साऱ्या वाडीला दिसतो. युरोपातही या कलेचा संबंध मुलांशी आहे. जर्मनीतील नीस्की येथे मोरेव्हियन पंथीयांच्या वसतिगृहशाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या अभ्यासासाठी मुलांकडून बहुकोनी तारे करवून घेतले जात. त्यांतूनच तिकडचा प्रसिद्ध नाताळतारा जन्मला. आपला पाच टोकांचा तारा त्याहून सोपा आहे आणि त्यातही भूमिती आहेच.

बांबूच्या दहा सारख्या कांबी घ्याव्यात, प्रत्येकी ६० सेंटीमीटर लांबीच्या. कडा काचपेपरने घासून घ्याव्यात, नाहीतर कुसळ बोटात शिरते. प्रत्येक कांबीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. आता पाच कांबींचा तारा जमिनीवर मांडावा. टोकाला टोक लागले आणि कांबी एकमेकींना नेमक्या खुणांवर छेदू लागल्या, की तारा समतोल झाला असे समजावे. कोनमापक लागत नाही. कांबी एकदा वरून, एकदा खालून अशा विणून घ्याव्यात आणि गाठी माराव्यात. असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून केवळ पाचही टोके एकत्र बांधावीत. मग मधल्या पाच छेदांपाशी दोन ताऱ्यांच्या दरम्यान आठ-दहा सेंटीमीटरच्या पाच खुंट्या बसवाव्यात. खुंट्या बसताच सपाट तारा फुगून उभा राहतो. आम्ही हे शेकडो वेळा पाहिले असेल, तरी पाचवी खुंटी बसते त्या क्षणी मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो ऐकण्यासाठी आम्ही अजून खुर्ची पुढे ओढतो. कागद पतंगाचा घ्यावा, तो खळीने चिकटतो. जिलेटीन कागद झगमगतो खरा, पण त्याला खळ धरत नाही. एक बाजू दिवा बसविण्यासाठी उघडी ठेवावी, आणि दिवा एलईडीचाच असावा. जुने दिवे तापत आणि कागद करपवीत.

गाठीचे येथे महत्त्व आहे. आमचे बालपण वसईच्या वाडीत गेले. तेथे केळीच्या सोपटाने पानवेलीपासून भाजीच्या जुडीपर्यंत सारे बांधले जाई. ओले सोपट वाळल्यावर आवळते, म्हणून गाठ घट्ट बसते. सुती दोराही ओला करून बांधला तर घसरत नाही. नायलॉनचा दोरा मुलांना देऊ नये, त्याची गाठ आपोआप सुटते आणि मूल समजते की आपल्याला गाठ येत नाही.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये एक माता आमच्याकडे आली. तिचे पती त्या पावसाळ्यात निवर्तले होते. दरवर्षी त्यांच्या सज्ज्यात मोठा तारा लागत असे, रस्त्यावरून जाणारी माणसे मान वर करून पाहत. ‘‘फादर, कुणी करून देईल का? पैसे देईन,’’ ती म्हणाली. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याला विचारले, तर त्याला ताऱ्याचे सारे ठाऊक होते: कोणत्या वर्षी कोणता रंग, शेपटी किती हात. मात्र बांधावयाचा कसा, हे ठाऊक नव्हते. ‘‘पप्पा मला बॅटरी धरायला सांगायचे. सुरी लागेल म्हणायचे.’’ सहा वर्षे त्या मुलाने बॅटरी धरली होती. त्या पित्याच्या प्रेमाविषयी कोण शंका घेईल? परंतु त्यांच्या हातांत जे होते, ते त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेले.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त सुतारकाकांना आम्ही बोलावून घेतले. ते म्हणाले, ‘‘येतो, पण तारा मी करणार नाही.’’ ते तीन संध्याकाळी त्या घरी गेले, खुर्चीवर बसले आणि हात काखेत दाबून राहिले. मुलाने बांधलेला पहिला सांगाडा उचलताच मोडला. माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. काकांनी एवढेच विचारले, ‘‘पहिली कुठली गाठ सुटली रे?’’ मुलगा वाकून शोधू लागला. शोधता शोधता त्याला उमगले की टोकाच्या गाठी त्याने एकाच वेढ्याच्या मारल्या होत्या. दुसऱ्या संध्याकाळी काकांनी त्याला सुरी कशी धरावी ते दाखविले: कांब फळीवर टेकवून, पात्याची धार अंगापासून दूर, आणि सुरी बोथट नव्हे तर धारदार, कारण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोराने ती निसटते. तिसऱ्या संध्याकाळी तारा उभा राहिला. एक कांब चिरली होती, ती छाटावी लागली, म्हणून एक टोक आखूड होते. त्या नाताळात तोच तारा सज्ज्यात लागला. पुढील वर्षी त्या मुलाने कांबी स्वतः निवडून आणल्या, वाकवून पाहून.

दहा वर्षांच्या आत मात्र सुरी नको, आणि त्यानंतरही वडीलधारे माणूस शेजारी असावे, हे सांगावयास नकोच. मुलींच्या हाती कागदाची फुले आणि मुलांच्या हाती हातोडी, ही वाटणीही आता पुरे झाली.

मोठ्यांनी काय करावे? सामान आधी जुळवून ठेवावे. दोन भावंडांत एक कात्री ठेवू नये. जुनी चादर अंथरावी. चाळीस मिनिटे झाली की थांबावे, मूल नको म्हणण्यापूर्वीच. मधल्या पंधरवड्यात चार-पाच बैठकी केल्या तर काम होते. चोवीस तारखेच्या रात्री बसल्यास सर्वांची भांडणे होतात आणि सगळी मंडळी मध्यरात्रीच्या मिस्साला रुसून येतात. हे आम्हांला वेदीवरून स्पष्ट दिसते! ‘छान, छान’ असे सारखे म्हणत राहू नये. त्यापेक्षा ‘‘हा मेंढपाळ मागे वळून का पाहतोय?’’ असे विचारावे. उत्तर मिळते. एका मुलीच्या मेंढपाळाचा कुत्रा मागे राहिला होता. आणि रात्री मूल झोपल्यावर त्याचा वाकडा खांब सरळ करण्याची इच्छा होईल, ती आवरावी. सकाळी उठल्यावर मुलाला तो फरक पहिल्या दृष्टिक्षेपात कळतो.

हिरव्या कुरणासाठी १४ डिसेंबरच्या सुमारास बशीत ओल्या मातीवर गहू किंवा नाचणी पेरावी, रोज पाणी शिंपडावे. पाणी घालण्याचे काम विसराळू मुलाकडेच द्यावे.

तीन राजांचा सण झाला की आवराआवरही मुलांनीच करावी. गव्हाचे अंकुर कुंडीत जातात, पुठ्ठा रद्दीत. मातीची जनावरे भाजलेली नसल्यामुळे बादलीत घातली की पुन्हा मळण्यायोग्य शाडू होतो. कोणती बुडवावयाची आणि कोणती ठेवावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. ताऱ्याचा कागद फाडून टाकावा, पण सांगाडा मोडू नये. खुंट्या काढल्या की तो सपाट होतो आणि कपाटामागे मावतो. टोकांच्या गाठी तेवढ्या पुढील वर्षी तपासून घ्याव्यात. ज्यांना कांबी हव्या असतील, त्यांच्यासाठी त्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, धर्मग्रामाच्या सभागृहात ठेवलेल्या असतील. मुलांना बरोबर आणावे आणि कांब त्यांनाच वाकवून पाहू द्यावी.